कॅडल गल्लीची बाबागाडी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी बाबागाडी आहे. जुनी आहे हे मान्य. छताला तीन ठिगळे आहेत आणि डावीकडचे मागचे चाक चालताना कुईकुई करते, तेही मान्य. पण लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या आमच्या कॅडल गल्लीत माझ्याइतकी माणसे कोणी अंगाखांद्यावर खेळवली असतील, तर त्याने खुशाल समोर यावे.

माझा जन्म १९०३ सालचा. आगगाडीच्या पुलाखालच्या कमानीत एक कारखाना होता. तिथे घोडागाड्यांचे सांगाडे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. वर आगगाडी धडधडत गेली की भुसा त्याच्या टोपीवर पडायचा आणि तो आगगाडीला शिव्या देत माझी लाकडी फळी तासत राहायचा. त्याने मला गडद हिरवा रंग दिला, मेणकापडाचे छत बसवले आणि चामड्याच्या पट्ट्यांवर असे टांगले की बाळाला खड्डा कळू नये. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंनी मला विकत घेतले. त्यांना एकच मुलगा झाला. तो चालू लागल्यावर त्यांनी मला गल्लीला देऊन टाकले, आणि तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

माझा मुक्काम नऊ नंबरला, मिसेस ट्रँटर नावाच्या सुईणबाईंच्या बोळात असे. माझ्याबाबत गल्लीचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. मूल जन्माला येऊन रडल्याशिवाय मला त्या घराच्या दाराशी न्यायचे नाही. आधी नेले तर बाळ दगावते, असे सगळे मानत. त्यामुळे माझे चाक कुईकुई करू लागले की बायका उंबरा घासता घासता माना वर करत आणि मी कोणत्या दाराशी थांबते ते पाहत. मी थांबले की त्या घरी मूल झाले. निरोप्याची गरजच नव्हती. मग बाळाला पहिल्यांदा फिरायला नेताना भेटेल तो माणूस दुलईवर चांदीचे नाणे ठेवायचा. ते बाळाच्या नशिबासाठी.

पहिली दहा वर्षे मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. डोक्याकडे एक आणि पायाकडे एक अशी दोन बाळे माझ्यात सर्रास असत. एकदा तर चौदा नंबरचे, त्याच्या मावशीचे आणि शेजारणीचे अशी तीन एका वेळी होती, आणि तिन्ही एकदम रडत होती. मी मिरवत असे. कॅडल गल्ली माझ्या जिवावर चालते असेच मला वाटे. दोन खोल्यांत दहा माणसे कशी झोपतात हा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण मी बोळात ऐसपैस झोपत होते.

चौदा नंबरला हॉब्डे कुटुंब राहायचे. त्यांची सहावी मुलगी नेल. ती माझ्यात बसली की चाक कुईकुई करायचे तसा आवाज काढायची आणि स्वतःच हसायची. नेलच्या पाठीवर आणखी तीन झाली. त्यांतल्या दोघांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले आणि रिकामी परत आले. ते मी सांगत बसत नाही. पण दहाव्या वेळचे सांगितलेच पाहिजे.

त्या सकाळी मिसेस ट्रँटरनी माझे छत ओल्या फडक्याने पुसले, आत स्वच्छ दुलई घातली आणि म्हणाल्या, “थांब हं, येतेच.” मी थांबले. दुपार झाली. संध्याकाळ झाली. मला न्यायला कोणी आले नाही. मग मिसेस ट्रँटर परत आल्या, माझ्या दांड्याला धरून बोळातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुलई काढून घेतली. नेलची आई गेली होती आणि बाळही गेले होते. नेल तेव्हा आठ वर्षांची होती. ती दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यात बसली. तिचे पाय बाहेर लोंबत होते, पण तिला कोणी उठवले नाही.

त्यानंतर मोठे युद्ध झाले. ते संपले, पुरुष परतले, लग्ने लागली, आणि मला वाटले आता पुन्हा माझी धावपळ सुरू होणार. दोन वर्षे झालीही. पण मग ती ओसरली. ज्या घरात सासूने नऊ काढली तिथे सून तिघांवर थांबू लागली. नंतर दोघांवर. मी एकेक आठवडा बोळात उभी राहू लागले, मग एकेक महिना. माझ्यावर छत्र्या ठेवल्या जाऊ लागल्या. एकदा मिसेस ट्रँटरच्या मांजरीने माझ्यात पिल्ले घातली आणि गल्लीतली मुले म्हणाली, “चला, निदान कोणीतरी वापरली!” मित्रांनो, मला फार लागले ते.

माझ्या बाजूने बोलणारा एकच माणूस भेटला. उंच टोपीवाले एक गृहस्थ कोपऱ्यावर स्टुलावर उभे राहून भाषण करत. देशात जन्म घटत चालले, पाळणे रिकामे पडले, उद्या देशाला माणसे कुठून मिळणार, असे ते कळवळून सांगायचे. बोळाचे दार उघडे असले की मला सगळे ऐकू यायचे आणि मी मनात टाळ्या वाजवायचे. बायका मात्र बादल्या घेऊन उभ्या राहत.

“साहेब, तुम्हाला किती?” असे एकदा बारा नंबरच्या मिसेस पॉकनी विचारले.

“मला? मला एक मुलगी आहे.”

“आणि खोल्या किती?”

गृहस्थ स्टुलावरून खाली उतरले. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मला मात्र तेव्हा त्या बायकांचा रागच आला होता.

नेलने विल्फ गॅरडशी लग्न केले. विल्फ कपाटांना पॉलिश करायचा. त्याच्या हाताला इतका वास यायचा की पाव कापला तरी पावाला पॉलिशचा वास. दोघे आमच्याच गल्लीत वीस नंबरला राहू लागले. हेटी झाली तेव्हा मी दिमाखात त्यांच्या दाराशी गेले. दोन वर्षांनी लेन झाला. त्या वेळी मला बोलावणे आले ते चौथ्या दिवशी, कारण चार दिवस नेल राहते की जाते हेच कळत नव्हते. ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी विल्फला दारात उभे करून स्पष्ट सांगितले. मी तिथेच होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

“तुमच्या बायकोचं हृदय कमजोर आहे. तिसरं बाळंतपण तिला झेपणार नाही. मी ‘बहुतेक’ असं म्हणत नाहीये, लक्षात घ्या.”

विल्फने मान हलवली. मग त्याने माझ्या दांड्याला इतके घट्ट धरले की पॉलिशचे डाग आजही तिथे आहेत.

ही गोष्ट गल्लीभर झाली. एकतीस नंबरला राहणाऱ्या विल्फच्या आईच्याही कानावर गेली. तिचे नाव ल्यू गॅरड. देहाने पिंपासारखी, आवाजाने त्याहून मोठी. तिने अकरा मुलांना जन्म दिला होता आणि ही गोष्ट ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. सुना दोघांवर थांबतात म्हणून ती टोमणे मारी. “आम्ही नाही का अकरा काढली? तीही पाठीवर कोळशाची गोणी घेऊन!” नेल मान खाली घालून ऐकायची. सासूबाईंना ती घाबरायची, आणि खरे सांगायचे तर मीही.

तीन वर्षे गेली. १९३३ च्या ऑक्टोबरमधला गुरुवार उजाडला. मिसेस ट्रँटर बाजारात गेल्या होत्या. नेल बोळात आली, माझ्यावरच्या छत्र्या तिने बाजूला ठेवल्या आणि मला बाहेर काढले. तिचा चेहरा पांढराफटक होता. चाकाने नेहमीचे गाणे सुरू केले. ती मला ओढत वीस नंबरच्या दाराशी घेऊन गेली आणि धुण्याच्या चादरी आणायला आत गेली. खोक्याला चाके लावलेली त्यांची धुण्याची गाडी मोडली होती, तेव्हा मला न्यावे असे तिच्या मनात आले. दाराशी मी उभी राहिले म्हणजे काय, हे गल्लीत जन्मलेल्या नेलला माहीत नव्हते असे नाही. पण त्या सकाळी तिचे डोके ठिकाणावर नव्हते.

समोर मिसेस पॉक गुडघ्यांवर बसून उंबरा पांढऱ्या दगडाने घासत होत्या. त्यांच्या हातातला दगडच पडला.

“अगं बाई! वीस नंबरला गाडी! झालं की काय नेलला?”

“कुठून होईल? पोट कुठाय तिला?” शेजारीण म्हणाली.

“मग आधीच आणली असेल. देवा रे, आधीच आणली!”

बस्स. नेल दोन चादरी घेऊन बाहेर यायच्या आत बातमी एकतीस नंबरला पोचली होती. ल्यू गॅरड एप्रनला हात पुसत, एका पायात बूट आणि एका पायात सपात अशी धावत आली. तिने पहिली लाथ मला घातली. मी घरंगळत जाऊन दिव्याच्या खांबाला आदळले.

“नेल! काय केलंस हे? पोटात असताना गाडी दाराशी आणलीस?”

“आई, हळू बोला हो. सगळे बघतायत.”

“बघू देत! तुला काय सांगितलं होतं त्या डॉक्टरीणबाईने? आणि आमचा विल्फ, त्या गाढवाला काही अक्कल? मरशील की गं तू! या दोन पोरांना काय मी पुरणार आहे?”

आणि ती रडू लागली. मित्रांनो, ल्यू गॅरडला रडताना गल्लीने कधी पाहिले नव्हते. नेल चादरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने सासूला हाताला धरून उंबऱ्यावर बसवले आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. मी खांबाला टेकून ऐकत होते.

“मला नक्की माहीत नाही, आई. दोन महिने झाले. शंका आहे नुसती. म्हणूनच चाललेय.”

“कुठे?”

“धुणं घेऊन धुणीघरात चाललेय असं दाखवायचं, आणि आधी त्याच रस्त्यावरच्या निळ्या दारात शिरायचं. बायकांचा दवाखाना आहे तो. पोरं किती व्हावीत, कधी व्हावीत, हे बाईला ठरवायला मदत करतात तिथे. लेन झाल्यापासून जातेय मी. तुम्हाला सांगितलं नाही.”

“विल्फला माहीत आहे?”

“त्यानेच पत्ता शोधून आणला.”

ल्यूने एप्रनने नाक पुसले. “म्हणजे अगदीच गाढव नाही तर.”

नेलला वाटले, आता अकरा मुलांचा पाढा सुरू होणार. तो झालाही, पण निराळाच.

“मी अकरा काढली,” ल्यू म्हणाली. “सात जगली. मला कधी कोणी विचारलं नाही गं, की ल्यू, तुला अजून एक झेपेल का? नवऱ्याने नाही, सासूने नाही, पाद्रीबाबांनी तर नाहीच. मी मोठ्यांदा सांगत फिरते ना, ते मनातल्या मनात ठेवलं तर रडू येतं म्हणून.” मग तिने चादरींकडे पाहिले. “एवढंच धुणं? दोन चादरींसाठी कोण गाडी काढतं? ती पॉक आंधळी आहे का? थांब.”

ती एकतीस नंबरला जाऊन आणखी चार चादरी घेऊन आली. त्यांतली एक तर धुतलेलीच होती. दुसरा बूटही तिने चढवला होता. सगळ्या चादरी तिने माझ्यात कोंबल्या आणि दांडा स्वतःच्या हातात घेतला.

“कुठे निघालात गं सासू-सुना?” मिसेस पॉकनी विचारलेच.

“धुवायला. तुझी जीभ असेल तर तीही दे, घासून आणते.”

निळ्या दारापाशी पोचलो तेव्हा मला धक्का बसला. भिंतीला लागून आणखी पाच बाबागाड्या उभ्या होत्या. एकीत कोळसा, एकीत बटाट्यांचे पोते, तिघींत धुणे. म्हणजे सगळ्याच गल्ल्यांतल्या बायका असेच निमित्त काढून येत होत्या. त्या दोघी आत गेल्या आणि मी त्या रांगेत उभी राहिले. आधी माझ्या मनात आले, हेच ते घर. ह्याच घराने माझ्या पोटावर पाय दिला. ह्याच्यामुळेच माझ्यावर छत्र्या ठेवतात आणि मांजरी माझ्यात पिल्ले घालतात.

पण वेळ जात राहिला आणि दार उघडेना. तेव्हा मला नेलची आई गेली तो दिवस आठवला. स्वच्छ दुलई, आणि “थांब हं, येतेच” असे सांगून गेलेल्या मिसेस ट्रँटर. त्या दिवशी मी बाळाच्या रडण्याची वाट पाहत होते. आज पहिल्यांदाच मी वाट पाहत होते ती बाळ नसण्याची. माझ्या जातीच्या गाडीने असे म्हणावे का, ते मला ठाऊक नाही. पण मी म्हटले. रिकामी राहिले तरी चालेल, बोळात सडले तरी चालेल, पण ह्या पोरीला परत येऊ दे, असे मी म्हटले.

दार उघडले. आधी ल्यू बाहेर आली, मग नेल. नेलने माझा दांडा धरला.

“नाही,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. बहुधा मलाच. “काही नाही. अंगात रक्त कमी आहे, म्हणून पाळी चुकली म्हणे. गोळ्या दिल्यात आणि कलेजी खायला सांगितलीय.”

“कलेजी!” ल्यू गरजली. “रोज खाशील. सकाळी कलेजी, दुपारी कलेजी. खाटकाला आत्ताच सांगते, बाकीच्यांनी आता नुसती हाडं चोखा म्हणावं!” आणि ती हसू लागली. नेलही हसू लागली. दोघी भर रस्त्यात एकमेकींना धरून इतक्या हसल्या की मागून येणारा दूधवाला घोडा थांबवून पाहत राहिला. माझे ओझे तेवढेच होते, तरी मला एकदम हलके वाटले.

हसणे थांबल्यावर ल्यूने इकडेतिकडे पाहून हळूच विचारले, “दर गुरुवारी असतं का गं हे? नाही, आमच्या लेकीसाठी, क्वीनीसाठी विचारतेय. पाच झालीत तिला. परवा जिन्यात बसून रडत होती, आणि मी तिला अकरांचं सांगत बसले.”

“दर गुरुवारी,” नेल म्हणाली.

मग आम्ही खरोखरच धुणीघरात गेलो, कारण चादरी तर होत्याच. ल्यूने नेलला पिळायच्या यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही. येताना दोघींनी दुकानात उभ्याने हिरव्या रश्श्यातले ईल मासे आणि कुस्करलेले बटाटे खाल्ले. मी दाराबाहेर वाफाळलेल्या, घडी घातलेल्या चादरी सांभाळत उभी होते. इतके स्वच्छ काही माझ्यात कितीतरी दिवसांत निजले नव्हते.

गल्लीत शिरलो तर सगळ्या उंबऱ्यांवर बायका. नऊ नंबरच्या दारात मिसेस ट्रँटर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाजारातून येऊन पाहतात तर बोळातली गाडी गायब, आणि गल्लीत नुसती कुजबुज. त्यांच्या हातात एक ओले फडके होते. त्यांचा चेहरा मी ओळखला. वीस वर्षांपूर्वी तो तसाच झाला होता.

“ल्यू,” त्यांनी विचारले, “मुलगा की मुलगी?”

“चादरी,” ल्यू म्हणाली. “सहा. सगळ्या सुखरूप. आणि आई पण.”

मग मिसेस पॉक अशा फिदीफिदी हसल्या की त्यांची बादलीच लवंडली. मिसेस ट्रँटर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नेलच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. तिच्या आईचे डोळे त्यांनीच मिटले होते. मग त्यांनी एप्रनचा खिसा चाचपला, एक चांदीचे नाणे काढले आणि नव्या बाळाच्या दुलईवर ठेवतात तसे अगदी हलक्या हाताने माझ्यातल्या चादरींवर ठेवले.

“नशिबासाठी,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्याला आता पाच वर्षे झाली. माझ्यात कधीमधी बाळ असते, बरेचदा धुणे असते, आणि गुरुवारी माझा दांडा बहुतेक ल्यू गॅरडच्या हातात असतो. बरोबर कधी क्वीनी असते, कधी मिसेस पॉकची सूनसुद्धा. माझ्यावर आता कोणी छत्र्या ठेवत नाही. नेल आहे. हेटी आणि लेन शाळेतून येतात तेव्हा ती दारात असते. माझ्या आयुष्यात मी शेकडो बाळे वाहिली, पण जे एक मला वाहावे लागले नाही त्याचे समाधान मला सगळ्यांत मोठे वाटते.

म्हणून तुम्हाला एवढेच विनवते. जुन्या गाड्या जपा, त्यांच्या चाकांना तेल द्या, त्यांच्यात मांजरी झोपल्या तर झोपू द्या. आणि एखाद्या घराची बाबागाडी रिकामी दिसली, तर “अजून एक का नाही?” असे विचारू नका. आत जा आणि आधी त्या घरातल्या आईला विचारा, तू कशी आहेस.